विरूला जागं ठेवताना

कापसाचे टेम्पो धावायला लागले, की आमच्याकडं रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. टेम्पोच्या बाहेर फुगून आलेला कापूस काट्यांना अडकतो, उरलेला डांबरावरून लोळत लोळत कुणाच्या तरी चाकाला चिकटतो. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेलेला असतो, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, तुरी फुलात असतात, आणि दुपारी गावंच्या गावं रिकामी पडलेली असतात, कारण जो तो वेचणीला गेलेला. लोकांना हे दिवस आवडतात. मला नाही आवडत. आता वय वाढलं, हाताखाली माणसं आली, तरी पहिली बोंडं फुटली की मी ज्याच्या त्याच्यावर खेकसायला लागते आणि वेचणी आटपेपर्यंत ते काही थांबत नाही.

यंदा ते जरा जास्तच झालं, त्याला कारण एक पोरगी. परभणीत मी जिथं काम करते तिथं उशिरा बोलणारी, न बोलणारी, अडखळणारी लेकरं येतात. त्यांना बोलतं कसं करायचं याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुली दर हिवाळ्यात शहरातून येऊन काही आठवडे आमच्याकडं काम शिकतात. त्यातली एक पहिल्याच दिवशी, पाठीवरची सॅकसुद्धा न उतरवता म्हणाली, "मॅडम, इथं केसेस मिळतील ना? मला एक तरी चांगली केस पाहिजेच."

"केस नाही म्हणायचं! लेकरू म्हणायचं!" मी अशी खेकसले, की बाहेर बसलेल्या दोन आया आत डोकावून गेल्या.

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नंतर मी तिला चहा पाजला, कॅन्टीनचा गरम वडा खाऊ घातला, पण कारण सांगितलं नाही. ते चहाच्या कपावर सांगून संपण्यासारखं नव्हतं.

कारण तिच्या जागी मीच होते. तीच सॅक, तीच घाई, तेच वाक्य. दुसऱ्या वर्षाला होते मी. आमच्या कॉलेजात एक खोली होती, तिच्या एका भिंतीला मोठी काच. आतून बघितलं तर आरसा आणि बाहेरून बघितलं तर खिडकी. आत आम्ही मुलाला घेऊन बसायचो, आणि काचेपलीकडं अंधारात मॅडम बसायच्या. त्या दिसायच्या नाहीत, पण त्या आहेत हे पाठीला कळायचं. घाम यायचा नुसता. समोर तीन वर्षांचं पोर गाडी फिरवत बसलेलं, आणि मी आरशात बघून स्वतःचे केस नीट करतेय असं दाखवत, आत्ता मॅडमनी काय लिहिलं असेल याचा अंदाज घेत बसलेली.

मी मूळची बडबडी. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा रेल्वेत होते. आमच्याकडं गाडी आली की बोलता बोलता थांबायचं आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं चालू करायचं, अशी सगळ्या घराला सवय. गाडीसाठी थांबणारी मी लेकरासाठी मात्र थांबत नव्हते. पहिल्या वेळी मॅडम बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रश्न तूच विचारलास, उत्तर तूच दिलंस, शाबासकीसुद्धा तूच दिलीस. मुलगा कुठं होता या सगळ्यात?"

कुठं असणार? आमच्याकडं मुलाला बोलायची पाळी येतेच कधी! पाहुणा दारात येतो, चप्पल काढता काढता विचारतो, "काय रे, नाव काय तुझं?" लेकरू तोंड उघडायच्या आत चार बाजूंनी चौघं ओरडतात, "सांग की! सांग ना! लाजायलंय बघा. समर्थ म्हण, समर्थ!" पाहुणा म्हणतो, "वा वा, हुशार हाय." संपलं बोलणं. त्या घरातून आलेल्या मला आता गप्प बसून, भुवया किंचित उंचावून, समोरच्याचं तोंड उघडेपर्यंत वाट पाहायला शिकायचं होतं. माझ्यासाठी ते उपासापेक्षा अवघड होतं.

त्या हिवाळ्यात कॉलेजनं मला परभणीला पाठवलं. मी पूर्णेला घरी राहायची आणि रोज सकाळच्या गाडीनं परभणी गाठायची. परीक्षेसाठी एक मूल सुरुवातीपासून आपल्या हातात असावं लागे. त्याची तपासणी, उपचार, झालेली प्रगती, सगळं बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मांडायचं असे. वर्गातल्या बाकीच्यांना शहरात मुलं मिळून गेली होती. मला मात्र मिळेना, कारण वेचणी. एखादी आई एकदा लेकरू घेऊन यायची, मी सांगितलेलं सगळं मन लावून ऐकायची, आणि उठताना म्हणायची, "वेचणी झाली की येतो बाई. आता मालकीण सुट्टी द्यायली न्हाई." तिचं तरी काय चुकलं? बोंड उकललं की ते कुणासाठी थांबत नाही. पण मला तेव्हा राग यायचा. मी घरी येऊन बॅग आपटायची आणि जेवताना तोच पाढा: मला केसच मिळेना, मला केसच मिळेना.

आई बिचारी भोळी. तिला माझं शिक्षण नीट कधी कळलंच नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, "बोलायला शिकवायचं शिकायली." त्यावर शेजारीण तोंडाला पदर लावायची, "अगं बया, बोलायला शिकवायला बी कालेज निघालं?" पण पोरगी बेजार झालीय एवढं आईला कळत होतं. एका संध्याकाळी मी परभणीहून आले, तर ती देवापुढं दिवा लावून हात जोडून मोठ्यानं म्हणत होती, "देवा, माझ्या पोरीला एक न बोलणारं लेकरू मिळू दे."

मी खो खो हसले. ते हसू पुढं बरेच दिवस मला चावत राहिलं.

माझी मोठी बहीण ताडकळसला दिलेली. घरची शेती, दाजी स्वभावानं गरीब, सासूबाईंचा दरारा. त्यांना सगळं गाव बाई म्हणतं, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. ताईला लग्नानंतर उशिरा झालेला मुलगा म्हणजे विरू. गोरागोमटा, कुरळ्या केसांचा, हसला की दोन्ही गालांना खळ्या. तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि पोरगं बोलत नव्हतं. म्हणजे आवाज काढायचं, ओरडायचं, हवं ते दुसऱ्याचं बोट धरून दाखवायचं. पण शब्द नाही. घरात कुणाला त्याची फिकीर नव्हती. "ह्याचा बाप पाच वर्षांचा झाल्यावर बोलला," बाई सांगायच्या, "आता बघा, बाजारात कापसाच्या भावावरून कसा भांडतोय." दाजी कधी भांडलेले मी तरी ऐकले नव्हते, पण ते असो.

दिवाळीनंतर ताई चार दिवस पूर्णेला आली. आमच्या क्वार्टरच्या मागूनच रूळ जातात. मालगाडीचा भोंगा असा वाजतो, की नवीन पाहुणा हातातला कप सांडतो. विरू त्या भोंग्यात गाढ झोपायचा. बाबांना केवढं कौतुक! "पक्का रेल्वेवाला हाय माझा नातू," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आणि आम्ही सगळे हसायचो, कारण आम्हीही तर त्या भोंग्यात झोपतोच. दुसऱ्या कुठल्याही घरात जे लक्षात आलं असतं, ते आमच्याच घरात लपून बसलं.

मीही पहिले दोन दिवस हसलेच. तिसऱ्या दिवशी ताई अंगणात कपडे वाळत घालताना माझ्याशी बोलत होती आणि विरू तिच्या कडेवर होता. त्याचा तळवा तिच्या गळ्यावर होता. ती बोलायची थांबली की तो हात काढायचा, बोलायला लागली की परत ठेवायचा. "लय माया हाय ह्याची माझ्यावर," ताई म्हणाली, "सारखा असा गळ्याला हात लावून बसतोय." माझ्या हातातला चिमटा खाली पडला. ऐकू न येणारं लेकरू आवाजाची थरथर हातानं शोधतं, ही पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी आपल्या अंगणात, आपल्या बहिणीच्या गळ्यावर येऊन बसली, की पुस्तक कुठल्या कुठं जातं. उरते फक्त भीती.

तेव्हापासून माझं सुरू झालं. त्याच्या पाठीमागं जाऊन हळूच किल्ल्या वाजव, पेला पाड, नाव घे. तो कधी वळायचा, कधी नाही. वळायचा तेव्हा माझी सावली पडलेली असायची, किंवा समोरची आई माझ्याकडं बघत असायची. मी रात्री डोळे मिटले की हिशेब मांडायची. भाषा शिकायची मेंदूला जी घाई असते, ती या पहिल्या वर्षांतच. ऐकूच येत नसेल आणि कुणाला कळलंच नसेल, तर गेलेला महिना परत मिळत नाही. मशीन असो, ऑपरेशन असो, सगळ्याला वयाची घाई. आणि मी सांगायचं कुणाला? ज्या बहिणीनं मला वेणी घालून शाळेत पाठवलं, तिला?

सांगितलं. ती ताडकळसला परत गेल्यावर पुढच्या रविवारी मी तिच्याकडं गेले आणि सगळ्यांसमोर न सांगता स्वयंपाकघरात सांगावं एवढी अक्कल मला होती. पण भिंतीलाही कान असतात त्या घरात. मी "एकदा कान तपासून घेऊ" एवढंच म्हणाले आणि बाहेरून बाईंचा आवाज आला, "कान? कानाला काय झालं माझ्या नातवाच्या? चल, आत्ता दाखवते तुला."

मग जे झालं ते आजही मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, फक्त ते घर आमचं होतं हे सांगत नाही. ओसरीवर विरूला बसवलं. समोर बाई, शेजारच्या दोघी, मी. त्याच्या मागं दाजी, हातात पितळी ताट आणि पळी. बाईंनी मान हलवली आणि दाजींनी ताट असं वाजवलं, की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. शेजारीण दचकली, सगळ्यांची नजर ताटाकडं गेली. विरूनं एकदा आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि मागं वळला.

"बघितलंस? ऐकायलंय की!" बाईंनी मांडीवर थाप मारली. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. दाजींच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला बोलवेना. तरी मी बोलले. म्हणाले, तो ताटाला वळला नाही, तो आपल्या डोळ्यांना वळला. परत वाजवा, पण सगळ्यांनी डोळे मिटून घ्या.

"आता आमी आंधळ्यावानी डोळे झाकून बसावं व्हय? काय नाटक लावलंय!" बाई उखडल्याच. दाजींनी परत ताट वाजवलं. पुन्हा सगळ्यांनी बघितलं, पुन्हा तो वळला. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. एकट्या तिनं डोळे घट्ट मिटले होते. ताटाचा आवाज विरल्यावर तिनं डोळे न उघडताच विचारलं, "वळला ना?" सगळे म्हणाले, "वळला की!" आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर खाली घेतली.

निघताना ती मला सोडायला स्टँडपर्यंत आली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "एक विचारू? तुला केस मिळेना म्हणून तू माझ्या लेकरावर डोळा ठेवलास का गं?"

मी म्हणाले, "ताई, काय बोलायलीस?"

"खरं तेच बोलायली. दिवाळीभर तुझं एकच, केस मिळेना, केस मिळेना. आईनं तर देवाला मागितलं म्हणं. आता मिळाली ना घरातच? परीक्षेत पास होशील तू. माझ्या लेकराला मुकं ठरवून पास हो."

नात्यातलं मूल आम्हाला केस म्हणून घेताच येत नाही, तो नियमच आहे, त्याला दुसरेच कुणी तपासतील, हे सगळं मी सांगायला तोंड उघडलं. तोवर ती पाठ फिरवून चालायला लागली होती. मी तिला मोठ्यानं हाक मारली. तिला नक्कीच ऐकू आली असणार. वळली नाही.

ते पुढचे दिवस मला कापसाच्या रंगाचेच आठवतात. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पांढरी रानं, त्यात वाकलेल्या बाया, पोटाला बांधलेल्या खोळी फुगलेल्या. प्रत्येक वाकलेल्या पाठीत मला ताई दिसायची. ती फोन उचलायची नाही. मी दाजींना लावला, तर ते म्हणायचे, "वेचणी होऊ द्या, मग बघू." वेचणी! वेचणी झाली की हरभऱ्याची निंदणी, मग तुरी, मग ज्वारी. रानातल्या कामाला कधी शेवट असतो का? माझ्या डोक्यात तर टकटक चाललेली: गेला दिवस, गेला दिवस. मी परभणीत दुसऱ्यांच्या लेकरांसमोर बसून साबणाचे फुगे उडवायची, "फू" म्हणायला लावायची, हसायची, आणि मनातून जळत असायची. आईनं मात्र माझ्या परीक्षेसाठी देवाला काही मागणं बंद केलं. दिवा लावायची, हात जोडायची, आणि तोंड मिटलेलं.

आणि गंमत बघा, याच दिवसांत मला थांबायला जमलं. खरंच. एक शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली मुलगी यायची, चार वर्षांची, कुणाकडं न बघणारी. तिच्यासमोर मी फुग्याची बाटली हातात धरून नुसती बसले. बोलायची ताकदच नव्हती अंगात. बसले, बसले, आणि पोरीनं माझ्याकडं मान वर करून "फू" केलं. मॅडमना कळवलं, तर म्हणाल्या, "बघ, शिकलीस." मला आनंद वाटायला हवा होता. नाही वाटला. मी घरी जाऊन रडले.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही. "कधी आणू?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. मोठ्या आवाजालाही मेंदूतून काही उत्तर येतं का, हे बघायची तपासणी असते. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात. दुखत नाही काही. फक्त लेकरू गाढ झोपलेलं हवं. म्हणून त्या दिवशी त्याला पहाटेच उठवायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. एकाएकी कशी तयार झाली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आदल्या संध्याकाळीच ताडकळसला गेले. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण भाकरी वाढली. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी ताईनं विरूला उचललं. अशी किरकिर केली त्यानं! धुक्यातून स्टँडवर आलो, परभणीची पहिली बस पकडली, आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

चालत्या एसटीत पहाटेच्या वेळी तीन वर्षांच्या लेकराला जागं ठेवून बघा एकदा! खिडकीतून गार वारा, इंजिनाचा थरथरता झुला, आईची मांडी. त्याची मान लुडकायची, ताई त्याला उभं करायची. तो रडायचा, रडता रडता पुन्हा डोळे मिटायचा. मी बिस्किट पुढं केलं, पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरवला, तळपायाला गुदगुल्या केल्या. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "कामून छळायल्या लेकराला? झोपू द्या की." ताईनं सांगितलं. आणि मग काय, सगळी बसच कामाला लागली. पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या एका बाईनं लाल मुळा नाचवला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. ड्रायव्हरनंसुद्धा कारण नसताना हॉर्न दिला.

आणि मी बघत होते. तेव्हा मी मावशी नव्हते, थेरपिस्टही नव्हते. दोन्हींच्या मधलं काहीतरी होते. मुळा नाचला की त्याचे डोळे उघडायचे. टोपी डोक्याला लागली की उघडायचे. शिट्टीला उघडले नाहीत. टाळ्यांना उघडले नाहीत. मग एका टाळीला उघडले! ताईनंही बघितलं, माझा हात दाबला, त्या सगळ्या आठवड्यांनंतर पहिल्यांदा. "बघ," ती कुजबुजली, "टाळी वाजली आन् उठला." पण त्याच क्षणी बस वळली होती आणि उगवतं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. ते ऊन मी तिला दाखवलं नाही. मलाही टाळीच हवी होती.

दवाखान्यात नंबर लागला तोवर विरू इतका थकला होता, की ताईनं मांडीवर घेतल्याबरोबर तो झोपला. तपासणारे सर शांत माणूस. त्यांनी त्याच्या कपाळाला आणि कानामागं चिकट मलम लावून तारा बसवल्या, कानात छोटे बोळे घातले, दिवा मालवला. पडद्यावर एक रेघ थरथरायला लागली. चांगलं ऐकणाऱ्या कानाची रेघ ठरलेल्या ठिकाणी उंचवटा घेते, आवाज वाढवला की तो उंचवटा अजून स्पष्ट होतो. शेकडो चित्रांत मी तो उंचवटा पाहिला होता, पेपरात काढला होता, त्याला मार्क मिळवले होते. आता मी अंधारात उभी राहून त्याची वाट बघत होते, आणि सर आवाज वाढवत होते. शेवटी तर विरूच्या कानातल्या बोळ्यातून बाहेर झिरपणारी टकटक मला उभ्या जागी ऐकू यायला लागली. तो तोंड उघडं टाकून झोपला होता. रेघ सपाट.

दुसरा कान. सपाट.

मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं, आईबाप यंत्राकडं बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडं बघतात, तेव्हा तोंड सांभाळा. मी पंख्याकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. ताईनं हळूच विचारलं, "चांगलं यायलंय ना गं?"

"सर सांगतील," मी म्हणाले.

आयुष्यभर तिनं मला बडबडताना ऐकलंय. दोन शब्दांवर थांबले तेव्हाच तिला कळलं.

सरांनी नीट समजावून सांगितलं. दोन्ही कान. लगेच मशीन लावायचं, मग कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनचं बघायचं, आणि रोज थेरपी. वेळ घालवायचा नाही. ताईनं सगळं ऐकलं, मान हलवली. तिनं पुढं ते सगळं केलंही. बाईंशी भांडून केलं, दाजींना घेऊन शहरात खेटे घालून केलं, घरातले सगळे "त्याला ऐकूच येत न्हाई तर कशाला बोलायचं" म्हणून गप्प झाले, तेव्हा एकटी बोलत राहून केलं. विरू आज शाळेत जातो. डोक्यावर मशीनचं बटण, त्यावर क्रिकेटची टोपी. बोलतो, अजून काही अक्षरं गिळतो, मला उलटं बोलण्यात मात्र एकही गिळत नाही. त्याला शिकवायचं काम दुसरीनं केलं, मी नाही. तो माझी केस कधीच झाला नाही आणि मी त्याची थेरपिस्ट. परीक्षेत मी मेंढ्यावाल्यांची ती फुग्यावाली मुलगी दाखवली.

पण वेचणी आली की मला हे पुढचं काही आठवत नाही. आठवतं ते दवाखान्याबाहेरचं सिमेंटचं बाकडं. ऊन चांगलं वर आलं होतं. समोर ऑटोवाले परभणी स्टेशन, परभणी स्टेशन ओरडत होते. विरू तिच्या मांडीवर अजून झोपलेला, कपाळावर तो पांढरा लेप वाळायला लागलेला. मी रडत होते. ती नव्हती रडत. म्हणाली, "म्हणजे आजवर मी ह्याला जे जे बोलले…"

"न्हाई ताई."

"अंगाई?"

"न्हाई."

तिनं विरूच्या कपाळावरचा लेप पदरानं पुसला. मग म्हणाली, "तुला सांगितलं न्हाई मी. ज्या दिवशी फोन केला ना, त्या दिवशी रानात ह्याला बांधावर बसवलं होतं. कापसाशी खेळायला होता. आसपास कुणी नव्हतं. मी ह्याच्या मागं जाऊन उभी राह्यले. सावली पडंल म्हणून उन्हाच्या दुसऱ्या अंगाला गेले. आन् म्हणलं, विरू, मी चालले. तुला टाकून चालले, आता येत नसते मी. कुठलं लेकरू वळणार न्हाई गं? तीनदा म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. हा खेळायलाच."

मी तिचा हात धरला.

"ते पण ऐकलं नसंल ना त्यानं?" तिनं विचारलं. "ते मी टाकून चालले म्हणले ते?"

"न्हाई ऐकलं ताई. एक शब्द न्हाई ऐकला."

"तेवढं तरी बरं झालं," ती म्हणाली.

मग तिनं विरूला हलवून जागं केलं. त्यानं डोळे चोळले, तोंड वाकडं केलं, रडायच्या बेतात आला. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं, अगदी जवळ, आणि मोठ्यानं, रस्त्यावरचे ऑटोवाले वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाली, "कुठं न्हाई जात रे मी. कुठं न्हाई जात."